अमरसिंह डॉक्टरांचा गुणाचा हात

अमरसिंह इंगवले डॉक्टर नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कळंब्यापासून इस्पुर्लीपर्यंत ही गोष्ट कुणी कबूल करणार नाही. दूध संस्थेनं त्यांना काही आठवड्यांचं शिक्षण दिलं, एक मोटारसायकल दिली आणि नायट्रोजनचा एक कॅन दिला. त्या कॅनमध्ये मुऱ्हा रेड्याच्या वीर्याच्या बारीक कांड्या गोठवून ठेवलेल्या असत. म्हैस माजावर आली की मालकाचा फोन यायचा आणि अमरसिंह कॅन गाडीला बांधून हजर. कांडी अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरायची, डावा हात कोपराच्या वरपर्यंत म्हशीच्या आत, उजव्या हातानं नळी सरकवायची, हात धुऊन चहा प्यायचा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच काम केलं.

पण त्या कॅनचं झाकण काढलं की थंडगार पांढरा धूर भुईकडं वाहत यायचा, आणि तो बघून माणसं हरखून जायची. असल्या धुराच्या मालकाला साधा कर्मचारी कसं म्हणायचं? लोक डॉक्टर म्हणायला लागले. अमरसिंहांनी पहिल्यांदा ‘अवो, कशाला?’ म्हटलं, दुसऱ्यांदा नुसतं हसले, आणि तिसऱ्यांदा गळ्यात स्टेथोस्कोप घालून आले. म्हशीच्या ज्या टोकाशी त्यांचं काम, तिथं स्टेथोस्कोप लावून काय ऐकणार, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही.

‘डॉक्टरांच्या हाताला गुण हाय,’ असं चाळीस गावं म्हणायची. म्हैस गाभण राहिली की तो हाताचा गुण, आणि नाही राहिली की तो म्हशीचा दोष. असा धंदा कुणाला नको? अमरसिंह लग्नात पंगतीला बसले तरी उजवा हात असा ताटाच्या कडेला ठेवायचे, की चार माणसांनी बघावा.

आणि नेमका तोच हात गेला.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, चहाच्या गाड्यावर, मुऱ्हा म्हैस भारी का पंढरपुरी यावरून जुंपली होती. बोलता बोलता अमरसिंहांच्या हातातला कप निसटला, शब्द चिकटायला लागले आणि तोंड एका बाजूला ओढलं. समोरचा टाळी देऊन म्हणाला, “डॉक्टरांची बोलती बंद केली बघा!” मग चार माणसांच्या ध्यानात आलं की ही बोलती खरोखरच बंद झाली आहे. लगेच दवाखाना गाठायचा की नाही? नाही. कुणीतरी म्हणालं, लकवा हाय, कबुतराचं रगत चोळा. मग कबूतर शोधण्यात दोन तास. शहाण्यासुरत्या माणसांनी, खिशात मोबाईल असताना, दोन तास कबूतर शोधलं! तानाबाईंना, म्हणजे अमरसिंहांच्या बायकोला, कळलं तेव्हा त्यांनी त्या सगळ्या सल्लागारांचा असा उद्धार केला की कबूतर सोडून तेच उडाले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वेळ विचारली आणि मान हलवली. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते पहिल्या काही तासांतच, म्हणाले. जीव वाचला. जीभ महिन्याभरात बऱ्यापैकी वळायला लागली. पाय ओढत का होईना, चालू झाला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला.

मग प्राची आली. प्राची मगदूम, फिजिओथेरपिस्ट, वय अठ्ठावीस, स्कूटरवरून रोज सकाळी आठाला दारात. ही पोरगी गोड बोलायची आणि कसायासारखी राबवून घ्यायची. परातीत हरभरे ओतायची आणि म्हणायची, “काका, एकेक उचलून वाटीत.”

“हरभरं येचाय मी काय कबूतर हाय?” अमरसिंह भडकायचे. कबूतर या शब्दावर त्यांचा त्या दिवसापासून दात होता.

“मग आज वीसच,” म्हणून प्राची बाजूला बसायची. पोरगी हटायची नाही.

सहा आठवड्यांनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटलं. एक हरभरा, घामाघूम होऊन, वाटीत पडला. तानाबाई पदर डोळ्यांना लावून रडल्या. अमरसिंहांना मात्र त्या रडण्यानं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातानं हजारो म्हशी फळवल्या, त्या हातानं हरभरा उचलला म्हणून बायको आनंदानं रडते, याहून वाईट काय? त्यांना सगळा हात हवा होता, आणि एकदम हवा होता. पूर्वीसारखा, लोकांनी बघावा असा. खरं तर त्यांना दुसरं काहीच नको होतं.

“पहिले सहा महिने लाखमोलाचे आहेत, काका,” प्राची रोज सांगायची. “या दिवसांत मेंदू झपाट्यानं शिकतो. एक दिवस चुकवू नका.”

अशा वेळी घरात भाचा आला. राजवीर, वय पस्तीस, धंदे सत्तावीस. आधी त्यानं चुंबकाच्या गाद्या विकल्या, मग पाणी गोड करणारं यंत्र, मग पोट घालवणारा पट्टा. ती चुंबकाची गादी मामांच्या पाठीखाली अजून होती आणि त्या गादीवर रोज झोपूनही मामांना झटका आला होता, पण राजवीरच्या चेहऱ्यावर त्याची सुरकुतीसुद्धा नव्हती.

“मामा, हरभरं येचत बसलाय व्हय? जग कुठं गेलंय! पेशी आल्यात, पेशी. इंजेक्शनातनं पेशी सोडायच्या, मेंदूत जाऊन जिथं बिघडलंय तिथं बसत्यात आनि नवं करत्यात. नाद खुळा काम हाय!”

त्या केंद्राचं नाव नवपल्लव पेशी उपचार केंद्र. त्यांची सभा एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. पडद्यावर एक गोरा म्हातारा आधी खुर्चीत, मग पळताना. मधलं काही दाखवलं नाही. कोट घातलेले, पुण्याहून आलेले एक साहेब असे बोलत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, पेशी म्हणजे यांच्या घरचीच माणसं. नंतर भजी आणि जिलबी. ज्यांना पाण्याचा घोट गिळताना ठसका लागतो अशी चाळीस माणसं बोलावून त्यांना भजी वाढणारा हा दवाखाना! त्याच वेळी उठून यायला हवं होतं. पण अमरसिंह उठले नाहीत, कारण साहेब म्हणाले, “या पेशी आम्ही द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून आणतो.”

नायट्रोजन! अमरसिंह खुर्चीत ताठ झाले. इतके दिवस लोक त्यांना मेंदूचं सांगत होते, नसांचं सांगत होते. त्यातलं काही त्यांना कळत नव्हतं. हे कळलं. हे तर घरचंच. त्यांनी डावा हात वर केला.

“पेशी कुनाच्या? म्हंजे, दाता कोन? आईबापाची नोंद हाय का न्हाय?”

हॉल खो खो हसला. साहेब मात्र मुरलेले. “सगळी नोंद आहे, काका. निवडक, तरुण, निरोगी दाते. आणि माल परदेशी.”

खलास. आयुष्यभर ज्या माणसानं गावोगाव सांगितलं की बीज बाहेरचं असलं की दुधाची बादली भरते, त्याला ‘परदेशी’ म्हटल्यावर आणखी काय सांगायचं राहिलं? घरी येताना रिक्षात ते तानाबाईंना समजावत होते की देशी मेंदूत परदेशी पेशी गेली तर संकर किती जोरदार होईल.

“अवो, तुमी काय म्हस हाय?” तानाबाई म्हणाल्या.

“तुला शास्त्रातलं कळत न्हाय,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्राचीनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही, हेच अमरसिंहांना जास्त लागलं. “काका, पेशींवर संशोधन चाललंय, ते खरं आहे. उद्या त्यातून काही चांगलं निघेलही. पण आज स्ट्रोकसाठी ते सिद्ध झालेलं नाही. आणि खऱ्या संशोधनात पेशंटकडून फी घेत नाहीत. जो फी मागतो तो संशोधन करत नाही, दुकान चालवतो.”

“पोरी, तुजा जलम झाला न्हवता तवापास्नं मी नायट्रोजन हाताळतोय.”

“म्हशींसाठी, काका.”

झालं! म्हशींसाठी म्हटलं ना! अमरसिंहांनी परात ढकलून दिली. हरभरे घरभर. शिवाय साहेबांनी बजावलंच होतं की पेशी येईपर्यंत हाताला पूर्ण आराम द्या, व्यायामानं जागा दुखावते. आळशाला हवं तेच वैद्यानं सांगितलं म्हटल्यावर काय! प्राची पुढचे चार दिवस आली आणि दारातनं परत गेली. पाचव्या दिवशी तानाबाई तिला सोडायला फाटकापर्यंत गेल्या आणि दोघी किती वेळ तिथंच उभ्या राहिल्या. त्यानंतर प्राची आली नाही.

पाच आठवडे गेले. अंगठा आणि पहिलं बोट आता भेटत नव्हते, तर अडकून बसले होते. मूठ आवळत चालली. तानाबाई नखं कापायला बसल्या तर बोटं उघडेनात. नखं तळव्यात रुतून वळ उठलेले. त्या रडल्या नाहीत. गरम पाण्याचं फडकं धरून एकेक बोट सोडवत बसल्या आणि म्हणाल्या, “हरभरा धरत हुता की वो ह्यो हात.” अमरसिंहांनी तोंड भिंतीकडं केलं. आतून त्यांना भीती वाटायला लागली होती, आणि ती भीती त्यांनी परदेशी पेशींच्या उशाखाली दाबून ठेवली.

ठरलेल्या दिवशी राजवीर गाडी घेऊन आला. केंद्र राजारामपुरीतल्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. पाय ओढणाऱ्या माणसांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर थाटणाऱ्याला काय म्हणावं? अमरसिंहांना राजवीर आणि रखवालदार यांनी खुर्चीसकट वर नेलं. तानाबाई मागनं कठडा धरून, तोंडानं पुटपुटत. काय पुटपुटत होत्या ते लिहिण्यासारखं नाही.

वर गेल्यावर ओळखीचा आवाज आला. “डॉक्टर! या या! तुमचीच वाट बघत हुतो.”

कंदलगावच्या चिमणाबाई. पन्नाशीच्या, काटक बाई. शेजारच्या खुर्चीत त्यांचे मालक, आण्णा. डावी बाजू गेलेली, मान कलंडलेली, ओठाच्या कडेला रुमाल.

“चिमणाक्का, तुमी हितं कशा?”

“तुमच्याच भरवशावर आलोय की. ह्यो तुमचा भाचा आल्ता. म्हनला, डॉक्टर सोता घ्यायलेत. मग मी म्हटलं, डॉक्टर घ्यायलेत म्हंजे खात्रीचंच आसनार. त्यास्नी त्यातलं कळतंय. तवा मंगळसूत्राची वाटी मोडली आनि आलो.”

अमरसिंहांनी राजवीरकडं बघितलं. राजवीर मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता.

पहिला नंबर आण्णांचा. मधलं दार उघडंच होतं. आत टेबलावर कॅन होता. तसाच, ॲल्युमिनियमचा, गळ्याशी बारीक, दोन कानांचा. अमरसिंहांचा ऊर भरून आला. मग त्यांची नजर झाकणावर गेली. झाकण कॅनच्या शेजारी टेबलावर पडलेलं होतं, आणि त्याच्यावर कुणीतरी चहाचा कागदी कप ठेवला होता.

कॅन उघडा. आणि धूर नाही.

त्यांनी डोळे बारीक केले. धुराची एक रेघ नाही. गळ्याशी पांढरं दव नाही. एका माणसानं उघड्या हातानं आत चिमटा घातला, कुपी बाहेर काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि सुई शोधायला लागला. कोमट पाणी नाही, घड्याळ नाही, काही नाही. मोकळं, कोरडं भांडं. त्यात कधी काळी जिवंत पेशी असल्याच, तर त्या केव्हाच मेल्या होत्या. हे जगातल्या कुठल्याही मोठ्या डॉक्टरला कदाचित दारातनं कळलं नसतं. अमरसिंह इंगवल्यांना कळलं.

माणसाचं मन कसलं चावट असतं बघा. पहिल्यांदा त्यांनी स्वतःलाच समजावलं, परदेशी आहेत, त्यांची रीत वेगळी असेल. मग वाटलं, आपण गुपचूप उठून घरी जावं; हात दुखतोय म्हणावं. आण्णांचं आण्णा बघतील. मग आतला माणूस दारात येऊन “आण्णासाहेब, चला,” म्हणाला, आणि चिमणाबाई कंबर कसून उठल्या.

“चिमणाक्का, नगा घेऊ,” अमरसिंह म्हणाले.

“आँ?”

“भांडं कोरडं हाय. नायट्रोजन संपलाय. पेशी मेल्यात.” जीभ जड, शब्द अडखळत, पण कळेल इतके.

कोटवाले साहेब लगबगीनं बाहेर आले. “काका, तुमचा अनुभव मोठाच. पण ते म्हशींचं. हे माणसांचं शास्त्र आहे. आमचा फॉर्म्युला वेगळा आहे, याला नायट्रोजन लागत नाही.”

“सभेत सांगिटलं की लागतोय!” तानाबाई मागून कडाडल्या.

“मामा, गप बसा की,” राजवीर दातातल्या दातात म्हणाला. “शोभा करू नका.”

चिमणाबाई एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. एकीकडं इस्त्रीचा कोट, मधाळ आवाज. एकीकडं लाळ पुसत बोलणारा, वाकडं तोंड झालेला माणूस. आजार डोक्यात शिरलाय, असंच कुणालाही वाटलं असतं. त्यांनी आण्णांच्या काखेत हात घातला. “बघू तर खरं डॉक्टर,” त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “गुन आला तर आला, न्हाय तर काय वाईट हुनार हाय? आनि मेल्यात ह्ये तुमास्नी हितनं कसं कळलं?”

कसं कळलं? कसं कळलं ते अमरसिंहांना चांगलं ठाऊक होतं. नोकरीत असताना एकदा बहिणीच्या घरचं लग्न होतं, मांडवात पावणं जमलेलं. डॉक्टरांनी कॅन आणून झाकण उघडून धूर दाखवला. पोरं नाचली, बायका लाजून हसल्या, फोटो निघाले. रात्रभर झाकण तसंच सैल राहिलं. सकाळी बघतात तर भांडं असंच, कोरडं ठक्क. कांड्या सगळ्या मेलेल्या. संस्थेत सांगावं तर नोकरीवर आणि नावावर गदा. सांगितलं नाही. नवा नायट्रोजन भरला आणि त्याच मेलेल्या कांड्या घेऊन तीन महिने गावोगाव फिरले, संपेपर्यंत. म्हशी उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, की मालकाला म्हणायचे, तुमच्या म्हशीतच दोष आहे.

यातलं एक अक्षर आजवर कुणाला, अगदी तानाबाईंनाही, माहीत नव्हतं. आणि आता ते सांगितल्याशिवाय ही बाई थांबणार नव्हती. आण्णांचा पाय उंबऱ्यावर गेला होता.

“चिमणाक्का,” अमरसिंह ओरडले. झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज पूर्वीसारखा निघाला, साऱ्या बोळाला ऐकू जाईल असा. “मेलेलं बीज मला वळकू येतंय, कारन मी सोता दिलंय. तुमच्या म्हशीला. चारी बारीला मेलेली कांडी दिली मी. मला म्हाईत हुतं. तरीबी दिली.”

राजवीरनं मोबाईल खिशात घातला.

चिमणाबाईंनी आण्णांना अलगद मागं घेतलं, भिंतीला टेकवून उभं केलं आणि अमरसिंहांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“चारदा?”

“चारदा.”

“म्हंजे वांझ न्हवती ती.”

अमरसिंहांनी मान खाली घातली.

“लई गुनाची म्हस हुती वो माजी. मालक म्हनलं, ऱ्हाऊ दे, एकदा आनि बघू. मीच म्हटलं, डॉक्टर सांगत्यात दोष हाय, मग कशाला फुकट पोसायची. खाटकाच्या टेंपूत चढंना. माज्याकडं बघून हंबरत हुती. मी तिच्या पाटीत काटी घातली, वांझ म्हनून.” त्यांचा आवाज फुटला. “माज्या हातानं घातली!”

तानाबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं, की तसं बघणं अमरसिंहांनी पस्तीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जोडायला घेतले. डावा हात वर आला, छातीशी थांबला आणि दुसऱ्याची वाट बघत राहिला. उजवा मांडीवरच पडून होता, मूठ आवळून. त्यांनी खांद्यातून जोर लावला, कपाळाला घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं. तो तसूभरही उचलला नाही.

चिमणाबाई ते सगळं बघत उभ्या होत्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, आण्णांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि जिन्याकडं वळल्या.

“ऱ्हाऊ द्या, डॉक्टर,” पहिल्या पायरीवरून त्या म्हणाल्या. “आदी दोनी हात जुळतील येवढं करा. मग या आमच्या दारात.”